नंबर छत्तीस नव्हे, बत्तीसच

‘ताई, वय ३१, दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. चार महिन्यांपूर्वी स्तनांचा आकार वाढवायची शस्त्रक्रिया करून घेतली. नवऱ्याला माहीत आहे, सासरी बाकी कुणाला नाही. आधी ३२ ए वापरायचे. आता दादरच्या दुकानात ३४ बी दिली, तर कपात मावेना. मग त्यांनी ३६ बी दिली. कप पुरतो म्हणून एकदम तीन घेतल्या. पण मागचा पट्टा पाठीवर चढत जातो आणि वायर टाक्यांच्या जागी टोचते. भांडुपहून सीएसटीला पोचेपर्यंत चारदा ओढून खाली घ्यावी लागते. डॉक्टर तर सी कप होईल म्हणाले होते. ऑपरेशन बिघडलं का?’

अगं, तू लिहिलंयस त्यात ऑपरेशन बिघडल्यासारखं मला काही दिसत नाही. ब्राचा पट्टा मात्र साफ चुकलाय.

इम्प्लांटने, म्हणजे ऑपरेशनमध्ये आत बसवलेल्या पिशवीने, स्तन वाढले, बरगड्या नाही वाढल्या. ब्राचा आकडा येतो तो स्तनांखालच्या घेरावरून, आणि तुझा तो घेर होता तेवढाच आहे. पण आपल्याकडे बऱ्याच दुकानांत अजून ‘नंबर काय?’ एवढंच विचारतात. कप लहान पडला की उपाय एकच, नंबर वाढवा! कप वाढतो खरा, पण सोबत पट्टाही वाढतो. ३६ बी, ३४ सी आणि ३२ डी या तिन्हींत कपाची मावण्याची जागा जवळपास सारखीच असते. म्हणजे कप तुला नकळत बरोबर मिळाला आणि पट्टा चार इंच ढिला आला. ढिला पट्टा मागून वर चढला की पुढून कप खाली झुकतो, वायर आपली जागा सोडते आणि नको तिथे रुतते.

म्हणजे तुझा नंबर ३२ डी. डी ऐकून दचकलीस ना? आपल्या डोक्यात डी म्हणजे काहीतरी अवाढव्य. प्रत्यक्षात ते अक्षर नुसतं फरक सांगतं. स्तनांखालचा घेर आणि सर्वांत भरलेल्या भागावरचा घेर यांत एक इंचाचा फरक असेल तर ए, दोनचा बी, तीनचा सी, चारचा डी. ३२ चा डी आणि ३८ चा डी यांत खूप अंतर आहे. डॉक्टरांचं ‘सी’सुद्धा अंदाजाचंच असतं. ते इम्प्लांटचं आकारमान सीसीमध्ये (घन सेंटिमीटरमध्ये) मोजतात, आणि तेवढ्याच सीसीचं इम्प्लांट रुंद छातीवर कमी दिसतं, अरुंद छातीवर जास्त.

माप घरीच घे, शिंप्याची टेप पुरते. पाळी जवळ आली असेल तर ते दिवस टाळ, तेव्हा स्तन जड असतात. पॅडची ब्रा नको, अगदी पातळ बनियन चालेल. श्वास सोडून टेप स्तनांच्या अगदी खालून घट्ट गुंडाळ आणि आरशात पाठ बघ. टेप मागे वर गेली की माप खोटं येतं. मग वरचं माप, टेप नुसती टेकलेली, दाबलेली नाही.

आता ट्रायल. गल्लीतल्या काउंटरवर ती मिळत नाही, म्हणून ट्रायल रूम आणि बाई विक्रेती असेल अशाच ठिकाणी जा. ऑपरेशनचं तिथे कुणाला सांगायची गरज नाही. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे. इलास्टिक सैल पडेल तेव्हा आतले हुक कामी येतात. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, मूठ नको. हे घट्टपण महत्त्वाचं, कारण भार पट्ट्याने पेलायचा असतो, खांद्याने नाही. तीनशे सीसीचं इम्प्लांट म्हणजे एकेका बाजूला पाव किलोच्या वर वजन, ते दिवसभर खांद्यावर लटकलं तर मान धरणारच. इम्प्लांटचा स्तन मऊ स्तनासारखा दबून कपाचा आकार घेत नाही, म्हणून कडक, साच्यातले कप तुला त्रास देतील. ताणणारं कापड असलेले, रुंद बुडाचे कप बघ. ३२ डी आपल्याकडे सहज मिळत नाही हेही खरं. नसेलच तर ३४ सी घे, हुक आतला लाव. ३६ कडे मात्र पुन्हा वळू नकोस.

वायरचं जरा गंभीरपणे घे. टाके स्तनाखालच्या घडीत असतील तर वायर नेमकी त्यावरच घासते. शिवाय अशा शस्त्रक्रियेनंतर तिथली त्वचा काही महिने बधिर राहू शकते, म्हणजे वायर रुतली तरी कळेलच असं नाही. रात्री ब्रा काढल्यावर आरशात बघत जा. लाल वळ तासाभरात गेला नाही तर ती ब्रा बंद. सर्जन ‘आता वायर चालेल’ म्हणेपर्यंत बिनवायरचीच वापर. घामाने किंवा पावसात भिजलेली ब्रा तर ऑफिसात पोचल्यावर बदलच, त्या घडीत चटकन खाज सुटते. आणि एकच बाजू अचानक सुजली, लाल-गरम झाली, ताप आला किंवा टाक्यातून पाणी आलं, तर माप-बिप बाजूला ठेव आणि त्याच दिवशी सर्जनला गाठ.

चार महिन्यांत बहुतेक सूज उतरलेली असते, पण इम्प्लांट खाली बसून आकार ठरायला कुणाकुणाला वर्षही लागतं. म्हणून आत्ता दोनच घे. त्या तीन ३६ बी परत कुणी घेणार नाही, अंतर्वस्त्रं बदलून न देण्याची पाटी बहुतेक दुकानांत असतेच. वायर काढून घरात रात्री वापर.

सासरच्यांचं तू विचारलं नाहीस, पण ‘सासरी बाकी कुणाला नाही’ असं मुद्दाम लिहिलंयस म्हणून सांगते. शरीर तुझं आणि निर्णय तुझा, खुलासा कुणालाच देणं लागत नाहीस. दोरीवर वाळत घातलेल्या ब्राचा नंबर वाचायला सासूबाई येतील असं मला तरी वाटत नाही, आणि आल्याच तर त्यांना तोच ओळखीचा ३२ दिसेल.