कुलपाचे चिन्ह आणि खरेपणा

प्रश्न : वीजबिल थकल्याचा संदेश आला. त्यातील दुवा उघडल्यावर पत्त्याशेजारी कुलूप दिसले. ते संकेतस्थळ खरे मानावे का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : मुळीच मानू नये. तुमचा ब्राउझर (संकेतस्थळे पाहण्याचे ॲप) आणि समोरचा सर्व्हर (संकेतस्थळ ज्यावर असते तो संगणक) यांच्यातील मजकूर वाटेत कोणाला वाचता येणार नाही, एवढेच ते कुलूप सांगते. समोरचा माणूस प्रामाणिक आहे की भामटा, याची हमी ते देत नाही, कारण कुलूप दिसण्यासाठी संकेतस्थळाला लागणारे डिजिटल प्रमाणपत्र भामट्यालाही काही मिनिटांत फुकट मिळते. याच गैरसमजामुळे गूगलने २०२३ मध्ये संगणकावरील आपल्या क्रोम ब्राउझरमधून हे चिन्ह काढले, आणि ते योग्यच झाले. पत्ता मात्र नीट वाचावा : 'महावितरण.अमुक.कॉम' हे संकेतस्थळ महावितरणचे नसून 'अमुक.कॉम'च्या मालकाचे असते. पैसे गेले असल्यास विनाविलंब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर कळवावे.