नवजात बाळांचा डॉक्टर होऊन रिसर्च करायचाय, त्यासाठी परदेशात जावंच लागतं का?

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. एनआयसीयूची, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूची सिस्टर होते, आता रिटायर. पण प्रश्नातलं 'परदेश' वाचलं आणि गप्प बसवेना.

वर्षांचा हिशोब तुम्हाला माहीतच असेल. एमबीबीएस साडेपाच, एमडी पीडियाट्रिक्स 3, वर डीएम निओनॅटॉलॉजी 3, आणि मधल्या नीटच्या फेऱ्या वेगळ्या. तिशी त्यातच उलटते.

आता रिसर्च. आमच्याकडे एक डॉक्टर होते, बाहेरून फेलोशिप करून आलेले. हुशार, बाळाच्या शिरेत सुई-नळी (लाइन) टाकायला त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पण आई आत आली की कपाळावर आठ्या. एकदा नाइटला सव्वा किलोचं बाळ होतं, वॉर्मरखाली असूनही तळवे गार, पोट कोमट, आणि आई सिझरचे टाके सांभाळत काचेबाहेर उभी. तिला हात धुवायला लावले, गाऊन दिला, बाळ उघडं करून टोपी-लंगोटावर तिच्या छातीशी उभं ठेवलं, वरून शाल बांधली. थोड्या वेळानं तळव्याला हात लावला तर गरम. सकाळी साहेब राउंडला आले आणि सगळ्यांसमोर माझी शाळा घेतली, "सिस्टर, आधी स्टेबल होऊ दे, मग आई. इन्फेक्शन झालं तर जबाबदार कोण?" तळवा बघा म्हटलं, तर फाइलच बघत राहिले.

2021 मध्ये डब्ल्यूएचओची ट्रायल छापून आली. भारत, घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया, आणि भारतातलं हॉस्पिटल कुठलं तर दिल्लीचं सफदरजंग. 1 ते 1.8 किलोची बाळं, स्टेबल व्हायची वाट न बघता जन्मल्यावर लगेच आईच्या छातीशी, आईचा बेडच आयसीयूत. 28 दिवसांतले मृत्यू 12 टक्के, वाट बघणाऱ्या गटात 15.7. फरक इतका स्पष्ट की ट्रायल वेळेआधी थांबवली. इन्फेक्शनसुद्धा वाढलं नाही, उलट कमी झालं, हे साहेबांनी वाचलं असेल अशी आशा आहे.

आणि गडचिरोली घ्या. डॉ. अभय बंग शिकायला अमेरिकेत गेले होते हे खरं, पण काम केलं 39 गावांत, गावातल्याच बायकांना श्वास मोजायला आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवून. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी खाली. 1999 ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात ते त्यातूनच. बंग तर लहान मुलांचे डॉक्टरही नव्हेत.

तेव्हा जायचं तर जा, नवं बघायला मिळतं, पण रिसर्चचा प्रश्न तिथं सापडेल असं धरून जाऊ नका. तो नाइट ड्यूटीच्या रजिस्टरात असतो आणि ते रजिस्टर सिस्टर भरते, पेपरवर तिचं नाव कधी येत नाही हा वेगळा विषय.

हां, एक राहिलं. ज्या बाळाला स्वतःहून श्वासच घेता येत नाही त्याला व्हेंटिलेटरच लागतो, ती बाळं डब्ल्यूएचओच्या त्या ट्रायलमध्ये नव्हतीच. माझं वाचून कोणी मशीन बंद करायला जाऊ नका.