मुलीचा विषय बदलून भावाचा आजार जाणार नाही

ताई, तुमच्या पत्राचा सारांश असा. मुलगी एफवायबीएला सायकॉलॉजी शिकते. मानसिक आजारांचं प्रकरण वाचल्यावर ती जेवताना म्हणाली, ‘मामाला स्किझोफ्रेनिया असेल, डॉक्टरांना दाखवूया.’ तिचे बाबा भडकले. आता विषय सोडायला लावून तिला बँकेच्या परीक्षांना बसवायचं घरात ठरतंय. हे बरोबर ना, असं तुम्ही विचारता.

बरोबर नाही. मुलीच्या भवितव्यावर आणि उद्या येणाऱ्या स्थळांवर तुम्ही पानभर लिहिलंय. भावाबद्दल जेमतेम चार ओळी, आणि मी त्या ओळींपाशीच अडकले. चोवीस वर्षांचा मुलगा इंजिनिअरिंग अर्धवट सोडून दीड वर्ष घरात बसलाय. खोलीच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलीत. जेवणात कुणीतरी काही कालवतंय या संशयाने तो फक्त स्वतः सोललेली केळी आणि अंडी खातो. रात्री कुणाला तरी उत्तरं देत बसतो. एवढ्या काळात उपाय काय केले, तर उतारे आणि अमावास्येच्या वाऱ्या. डॉक्टर एकदाही नाही! हे सगळं पाहून पहिल्यांदा कुणी तोंड उघडलं असेल तर या अठरा वर्षांच्या पोरीने, आणि शिक्षा तिलाच?

निदान करणं तिचं काम नाही, हे मात्र खरं. भास आणि संशय स्किझोफ्रेनियात असतात, तसे ते तीव्र डिप्रेशनमध्ये, मेनियात (मन अतोनात चढलेलं राहण्याच्या अवस्थेत), गांजाच्या नशेमुळेही येऊ शकतात. स्किझोफ्रेनिया म्हणायला आजाराच्या खुणा किमान 6 महिने दिसाव्या लागतात. हे मानसोपचारतज्ज्ञच ठरवेल. पण ‘डॉक्टरांना दाखवूया’ हे तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. या आजारावर 1950च्या दशकापासून औषधं आहेत, आणि उपचार जितके लांबतील तितकं सावरणं अवघड होत जातं.

तुमची खरी भीती पत्राच्या शेवटी आलीय: ‘हे रक्तातच आहे, ती हेच वाचत राहिली तर तिलाही होईल.’ वाचून हा आजार होत नाही. आनुवंशिकतेचा वाटा असतो, पण तो किती, ते बघा. कुठल्याही माणसाला आयुष्यात स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता साधारण 1 टक्का धरतात. सख्ख्या मामाला किंवा काकाला असेल, तर पाठ्यपुस्तकं ती 4 टक्क्यांच्या आसपास सांगतात. म्हणजे अशा शंभर भाच्यांपैकी शहाण्णव जणींना तो होत नाही. एकसारख्या जुळ्यांमध्येसुद्धा एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. आजार लपवून मुलीचा धोका एका टक्क्यानेही कमी होणार नाही, भाऊ मात्र उपचारांवाचून राहील. स्थळांसाठी त्याचं आयुष्य पणाला लावू नका.

मुलगी स्वतःलाही ‘बायपोलर’, म्हणजे कधी मेनिया तर कधी डिप्रेशन येणारी, म्हणते, याने घाबरू नका. हे प्रकरण शिकताना बऱ्याच मुलांना पुस्तकातला प्रत्येक आजार स्वतःत दिसतो. सकाळी हसू आणि संध्याकाळी रडू म्हणजे बायपोलर नव्हे. मेनियात किमान आठवडाभर मन चढलेलं राहतं, दोन-तीन तास झोपूनही थकवा येत नाही, पैसा वाटेल तसा उधळला जातो. घरात एवढं चाललेलं असताना तिला रडू येणं स्वाभाविक आहे. दोन आठवडे रोज उदास, झोप-भूक उडालेली, असं दिसलं तर मात्र तिलाही दाखवा.

करिअरचं म्हणाल, तर बँकेच्या परीक्षा कुठल्याही पदवीवर देता येतात, त्यासाठी विषय सोडायला नको. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर पुढे आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला अभ्यासक्रम करावा लागतो. ते तिचं तिला ठरवू द्या.

तुम्ही याच आठवड्यात सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा. भाऊ यायला तयार नसेल तर आधी तुम्ही एकट्या जाऊन डॉक्टरांशी बोला, किंवा 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत नंबरवर फोन करा. आवाज खोटे आहेत असा वाद त्याच्याशी घालू नका. ‘झोप लागत नाही ना, ते दाखवूया’ म्हणा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर त्याच दिवशी न्या. जाताना लिहून न्या: कधीपासून, काय बोलतो, किती झोपतो, काही नशा करतो का. हा कागद मुलीकडून लिहून घ्या आणि डॉक्टरांकडे जाताना तिलाही बरोबर न्या.