आतड्याचा लगाम

अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता पाहिला. स्युडोमोनास या रोगजंतूवर ठेवलेल्या सी. एलिगन्स या इवल्या कृमीमध्ये अमुक मायक्रोआरएनए (जनुकांचे संदेश दाबणारे आरएनएचे छोटे तुकडे) वाढले, तमुक घटले. चित्रही झकास रंगवलंस. पण आरएनए काढलास कशातून? अख्ख्या कृमीतून. प्रौढ कृमीच्या ९५९ कायिक (म्हणजे प्रजननपेशी सोडून शरीराच्या) पेशींपैकी आतड्याच्या फक्त २०, शिवाय पोटातल्या अंड्यांचा आरएनएही त्यात मिसळलेला. जंतूशी खरी गाठ पडते ती या विसांची (बिचाऱ्याकडे हिंडणाऱ्या रक्षक पेशीच नाहीत). तू केलंस ते जत्रेत कुजबुज ऐकायला जाण्यासारखं झालं.

अमेरिकेतल्या बोल्डरमधल्या मिन हान यांच्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये ही गर्दी कशी टाळली ते वाच. मायक्रोआरएनए ज्या प्रथिनांच्या जोडीने काम करतात, ती त्यांनी आतड्यातून वेगळी आणि स्नायूंतून वेगळी ओढून काढली, आणि त्यांना चिकटून आलेले, म्हणजे दाबले जात असलेले, जनुकांचे संदेश तपासले. आतड्यातल्या संदेशांत जंतूंविरुद्धच्या प्रतिसादाची जनुकं भरपूर निघाली. म्हणजे संसर्ग नसतानाही तिथे लगाम ओढलेलाच असतो. म्हणून काय वाढलं हे शोधण्याआधी कोणता लगाम ढिला पडला ते शोध. लगाम हवा कशाला, असं विचारशील. पी३८ ही पेशीतली संकेतांची साखळी म्हणजे प्रतिकाराचा मुख्य मार्ग. तो विनाकारण पेटता राहिला तर अळ्यांची वाढच रखडते.

आता लेट-७ हा मायक्रोआरएनए. तो बिघडलेले म्यूटंट कृमी स्युडोमोनासवर लवकर मेले, म्हणजे लेट-७ जंतूपासून वाचवतो, म्हणून तू खूश झालीस, पण थांब जरा. 'लेट' म्हणजे 'लीथल'; नावातच मरण आहे. तुझा एन२८५३ हा लेट-७ म्यूटंट तापमानाला नाजूक: १५ अंशांवर जगतो, २५ वर प्रौढ होता होता योनीद्वारातून फुटतो. आणि स्युडोमोनासची चाचणी आपण लावतो ती २५ वरच! मीही एकदा असे फुटलेले कृमी आठवडाभर मोजले आणि संसर्गाचे बळी म्हणून ऐटीत मांडले. आमच्या सरांनी एवढंच विचारलं, "ओपी५०वर, म्हणजे कृमींच्या रोजच्या निरुपद्रवी जिवाणू-खाद्यावर, किती मेले?" माझ्याकडे ती प्लेटच नव्हती.

तू ती आधी लाव. मग जीईएस-१ प्रोमोटर (जनुक फक्त आतड्यात चालू करणारा डीएनएचा तुकडा) वापरून लेट-७ फक्त आतड्यात परत आण आणि काय बदलतं ते बघ. जंतू प्लेटच्या कडेपर्यंत पसर. मधोमध डाग ठेवलास तर कृमी त्यावरून पळतात, आणि पळपुटा कृमी चिवट असल्याचा भास होतो.

पुढच्या मेलमध्ये आलेख नको, मोजणीची वही पाठव. फुटलेले, पळालेले, हरवलेले वेगवेगळ्या रकान्यांत.