नव्या लॅपटॉपमध्ये रॅम किती आणि कशी घ्यावी?

८ जीबीवर अजिबात थांबू नकोस. क्रोमचे वीस टॅब, एक मीटिंग आणि एक्सेल उघडलं की तेवढी रॅम भरतेच. निदान १६ घे.

लॅपटॉप घेण्याआधी दुकानातच विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरी बघ. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली आहे, म्हणजे ती बदलता येणार नाही. 'एसओडिम' असेल तर रॅमची पट्टी स्लॉटमध्ये आहे, म्हणजे ती काढून बदलता येते.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ८-८ च्या दोन पट्ट्या घे, कारण ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि ड्युअल चॅनेलचा (दोन पट्ट्या एकाच वेळी मिळून चालण्याचा) फरक गेममध्ये स्पष्ट जाणवतो. पुढे ३२ करायचे नक्की असेल तरच १६ ची एकच पट्टी. आणि हो, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या आहेत; डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसत नाही.