‘परफेक्ट’ लिहिण्याआधी

इंदूरच्या आपल्या मंडळाच्या अंकात लिहायला लागलास, छान झालं. पण एकाच लेखात पोहे परफेक्ट, गाणं परफेक्ट, हिशेबही परफेक्ट? अरे, पोह्यांची भट्टी जमते, गाणं रंगतं, नेम अचूक लागतो, वर्णन तंतोतंत जुळतं.

‘चोख’ जरा जपून वापर. हिशेब चोख, बंदोबस्त चोख, उत्तरही चोख. पण ‘व्यवहाराला चोख माणूस’ म्हणजे देण्याघेण्यात पक्का, सर्वगुणसंपन्न नव्हे. तो एरवी खडूसही असू शकतो! ‘बावनकशी’ आला सोन्याच्या कसावरून. आपल्या सराफ्यात दिवसा सोनं आणि रात्री खाणं असलं, तरी साबुदाण्याच्या खिचडीला बावनकशी म्हणू नकोस. निष्ठेला, अस्सल गुणाला म्हण. १९५७ साली दशमान नाणी आली, आणे मागे पडले, तरी ‘सोळा आणे’ टिकलं. मात्र बोलणं सोळा आणे खरं असतं, रांगोळी सोळा आणे सुंदर नसते. ‘परिपूर्ण’ आहाराला, ग्रंथाला शोभतं.

आणि ते ‘एकदम सही’ हिंदीतून आपल्या सगळ्यांच्याच तोंडी बसलंय. बोलताना चालेल. छापील मजकुरात मात्र संवादापुरतंच ठेव.