प्रोबायोटिकच्या आधी कल्चर आणि मागे राहणारी लघवी बघा

वय ७२, प्रोस्टेट वाढलेलं, सहा महिन्यांत तिसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन, आता बाबांना प्रोबायोटिक सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या वडिलांचं हेच चक्र होतं, म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही, औषधाचं युरोलॉजिस्टनाच विचारा.

प्रोबायोटिकवर, म्हणजे चांगल्या जंतूंच्या औषधावर, मी भिस्त ठेवणार नाही. या आजारासाठी लॅक्टोबॅसिलस या चांगल्या जंतूचा अभ्यास झाला तो मुख्यतः बायकांमध्ये, आणि योनिमार्गातले चांगले जंतू टिकावेत हा त्यामागचा विचार. पुरुषांना तो लागूच होत नाही. २०१५च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) ठोस फायदा दिसला नव्हता. अँटिबायोटिकसोबत लिहून देतात ते बॅसिलस क्लॉसी जुलाब होऊ नयेत म्हणून. सॅकरोमायसिस बोलार्डी हे दुसरं प्रोबायोटिक मात्र यीस्ट, म्हणजे बुरशी आहे. प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असेल तर ते देऊ नका. दही-ताक खुशाल चालू ठेवा.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते एका कलेक्शन सेंटरने. कल्चरसाठी, म्हणजे लघवीत कोणता जंतू वाढतो ते बघायला, सकाळी दिलेला नमुना दुपारी गाडी येईपर्यंत काउंटरवर उघड्या हवेत पडून. खोलीच्या तापमानाला जंतू वाढत राहतात, रिपोर्टमधला आकडा खोटा फुगतो आणि त्या आकड्यावर नको ते अँटिबायोटिक सुरू होतं. विचारलं तर ‘सगळ्यांचे असेच जातात’. अजूनही संताप होतो! नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये. म्हणून जिथे कल्चर लावतात तिथेच नेऊन द्या. अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी, शिस्नाची त्वचा मागे घेऊन पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून मधली घ्यायची. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर पिशवीतली लघवी कधीच नाही. रिपोर्टमध्ये तीन-चार जंतू एकदम दिसले तर बहुधा नमुनाच दूषित, पुन्हा द्या. आणि जळजळ, ताप काहीच नसताना नुसते जंतू सापडले तर सहसा औषध लागत नाही, लघवीच्या मार्गातलं ऑपरेशन ठरलं असेल तेवढं सोडून.

जुने रिपोर्ट फेकू नका. दर वेळी तोच जंतू येत असेल तर तो प्रोस्टेटमध्ये दडलाय का, हे स्पष्ट विचारा. नायट्रोफ्युरँटॉइन हे लघवीच्या इन्फेक्शनवरचं अँटिबायोटिक तिथे पुरेसं पोचत नाही. लघवीची आग कमी करणारं सायट्रेटचं सिरप त्याच गोळीबरोबर चालू असेल तर तेही सांगा, कारण अल्कलाइन लघवीत ती गोळी कमी काम करते.

सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर किती मिली मागे राहते ते मोजायला सांगा. ते न मोजताच ‘प्रोस्टेट वाढलंय’ एवढं लिहून देतात. शंभराच्या वर राहत असेल तर माझ्या मते आधी त्याच्या मागे लागा. साठलेल्या लघवीत जंतूंना आयतं घर मिळतं. लघवी झाल्यावर दोन मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करायला सांगा, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. सर्दीच्या क्लोरफेनिरामिनच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका, त्यांनी लघवी अडते.

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा ते अचानक असंबद्ध बोलायला लागले, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला न्या. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी मात्र आत्ता करू नका, इन्फेक्शनने आकडा वाढतो. बरं झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी करा.